राणीच्या बागेत जाताय ना? मग आधी हे ऐका

बुधवारी जाऊ नका. बुधवारी राणीची बाग, म्हणजे मुंबईतलं भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बंद असते. हे सगळ्यात आधी सांगते, कारण गावाहून आलेल्या पाहुण्यांची अख्खी वरात, कडेवर पोर, हातात पाण्याच्या बाटल्या, अशी भायखळ्याच्या बंद फाटकापुढे उभी असलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. बुधवारीच सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. म्हणजे आदल्या दिवशी कॅलेंडर बघून घ्यायचं, एवढाच नियम.

मी गिरणगावातल्या महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. थंडी पडली की आमची सहल ठरलेली, आणि मुख्याध्यापकांनी जागा विचारली की आमचंही उत्तर ठरलेलं. आता निवृत्त झाले, तरी शेजारच्या सुना, भाच्या, गावाकडची मंडळी मलाच विचारतात, "बाई, राणीच्या बागेत काय काय आहे? किती वेळ लागतो?" सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. कागदावरचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. टॅक्सीवाल्याला मात्र राणीबागच सांगा.

पोहोचायचं कसं, यात अवघड काही नाही. मध्य रेल्वेचं भायखळा स्टेशन, पूर्वेला बाहेर पडायचं, दहा-बारा मिनिटं चालायचं. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलावी, हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला. बेस्टच्या कितीतरी बस डॉ. आंबेडकर रोडने समोरूनच जातात. स्वतःची गाडी आणू नका. सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधण्यातच तुमचा अर्धा उत्साह संपेल, उरलेला मागच्या सीटवरची मुलं संपवतील.

तिकीट मोठ्यांना ५० रुपये आणि ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५. आई, वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १००. २०१७ साली हे दर आले तेव्हा मोठा आरडाओरडा झाला होता, कारण त्याआधी मोठ्यांचं तिकीट ५ रुपये होतं. ऑनलाइनही काढता येतं, आणि रविवारी जाणार असाल तर तसंच काढा. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी या दिवसांत खिडकीसमोरची रांग रस्त्यावर येते, आणि गर्दी फारच वाढली तर कधी कधी वेळेआधी तिकीटविक्री थांबवतात. जमत असेल तर मंगळवार किंवा गुरुवार गाठा. शाळांच्या सहली त्या दिवशीही असतात, पण त्या रांगेत चालतात. रविवारची गर्दी चालत नाही, ती ढकलते.

बाग सकाळी साडेनऊला उघडते. तुम्ही सव्वानऊला फाटकावर हवं. अकराला निवांत नाश्ता करून येणाऱ्यांना काय मिळतं, ते सांगते: पेंग्विनची लांब रांग, झोपलेला वाघ आणि डोक्यावर ऊन. प्राणी बघायची वेळ सकाळची. म्हणून पहिले दीड-दोन तास प्राण्यांना द्या. मग ऊन चढलं की झाडांकडे वळा. वाघ दुपारी झोपतो, झाडं कुठे जात नाहीत, आणि सावलीही त्यांचीच.

आत शिरल्यावर सगळे पेंग्विनकडे पळतात. तुम्हीही पळा, यात लाज नाही. तिथली रांग नंतर वाढतच जाते. हे हम्बोल्ट पेंग्विन. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आणले आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांना बघायला खुले झाले. आता त्यांची मुंबईत जन्मलेली पिल्लंही आहेत. मुलं हमखास विचारतात, "बर्फ कुठाय?" बर्फ नाहीच. हे पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथे बर्फ पडत नाही. थंडगार पाण्याचा समुद्री प्रवाह त्या किनाऱ्याला लागून वाहतो, त्याच्या जिवावर ते राहतात. मुलांना एक काम द्या: पेंग्विनच्या चोचीच्या बुडाशी, पिसं नसलेली गुलाबी कातडी शोधायची. अंगातली जास्तीची उष्णता ते तिथून बाहेर टाकतात. एवढं शोधेपर्यंत मूल काचेसमोर गप्प उभं राहतं, हा माझ्यासारख्या बाईंचा अनुभव आहे. आणि काचेवर टकटक करू नका, फ्लॅश मारू नका. शेजारचा कुणी करत असेल तर त्यालाही सांगा. मी सांगते. लोक वळून बघतात, पण थांबतात.

तिथून वाघ, बिबट्या, अस्वल, तरस. जुने गजाचे पिंजरे जाऊन आता काचा आणि मोकळी आवारं आली आहेत. माझ्या विद्यार्थ्यांनी लहानपणी पाहिलेले ते वास मारणारे पिंजरे आठवले की हा बदल मला बराच वाटतो. वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. मोठं आवार दिलं म्हणजे प्राण्याला लपायला जागा दिली. दिसला नाही तर पाच मिनिटं शांत थांबा, नाहीतर पुढे जा आणि परत येताना डोकवा. त्यापेक्षा पक्ष्यांच्या मोठ्या जाळीत जास्त वेळ काढा. तिथे आपणच आत जातो, पक्षी आपल्या डोक्यावरून उडतात आणि शेजारच्या फांदीवर बसतात. लहान मुलांना वाघापेक्षा याचंच अप्रूप जास्त, कारण मध्ये काच नाही.

आता झाडं. इथे तुम्ही माझं ऐकायचं, कारण बहुतेक लोक इथेच बाग न बघता घरी जातात.

ही जागा मुळात झाडांसाठी झाली. त्याआधी शिवडीला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. तिथली जमीन गोऱ्यांच्या दफनभूमीकडे गेली आणि बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी उघडली, नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. १८७३ मध्ये नगरपालिकेने ताब्यात घेतली. जगभरातून आणलेली झाडं इथे लावली गेली आणि आज तीन हजारांच्या आसपास झाडं त्या आवारात उभी आहेत. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. पाटी वाचा, मग मान वर करा, मग खाली बघा. खाली काय पडलंय त्यावरून झाड जास्त कळतं.

पहिलं शोधा कैलासपती. याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या दोरखंडासारख्या काड्यांवर येतात, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोरच. खाली पडलेलं ताजं फूल उचला, झाडावरचं तोडू नका. जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-लाल. मधोमध पुंकेसरांची बारीक गोल चकती आणि तिच्यावर एका बाजूने वळून आलेली छत्री. शंकराच्या पिंडीवर नागाने फणा धरलाय, असं सगळे म्हणतात, आणि फूल हातात घेतल्यावर तुम्हीही तेच म्हणाल. वास गोड आणि जड असतो. झाड आहे दक्षिण अमेरिकेचं, पण आपल्या शिवमंदिरांच्या अंगणात इतकं रुळलंय की कुणाला पटत नाही. फळं गोल, तपकिरी, तोफेच्या गोळ्याएवढी. त्यांच्या बरोबर खाली उभं राहून फोटो काढायची हौस नको. पिकलेलं फळ फुटलं की वास असा सुटतो की मुलं नाक धरून हसतात. वर्षभर थोडी-फार फुलं असतातच.

दुसरं, उर्वशी. हिच्यासाठी मात्र थंडीत किंवा थंडी सरताना यावं लागतं. मूळची म्यानमारची, आणि तिथल्या जंगलातही दुर्मीळ. शास्त्रीय नाव लेडी अ‍ॅम्हर्स्ट या गव्हर्नर जनरलच्या पत्नीवरून पडलं. लांब देठांवर खाली लोंबणारी शेंदरी-लाल फुलं, वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. फुलं नसतील तर नवी पालवी बघा. तपकिरी-गुलाबी रंगाची, मऊ, निर्जीव झाल्यासारखी खाली लटकलेली असते. झाड वाळतंय असं वाटतं. वाळत नसतं, काही दिवसांत ती पानं ताठ आणि हिरवी होतात. आमच्या वर्गातली एक मुलगी त्या पालवीला हात लावून "बाई, हिला ताप आलाय" म्हणाली होती. त्यानंतर मी दरवर्षी वर्गाला आधी ती पालवीच दाखवायचे, फुलं नंतर.

गोरखचिंच ओळखायला पाटी लागत नाही. आफ्रिकेचं झाड, खोड अवाढव्य, त्याच्या मानाने फांद्या आखूड. खोडात पाणी साठवतं, त्यामुळे बुंधा सुजल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात पार निष्पर्ण असतं आणि पावसाच्या तोंडावर पालवतं. पांढरी मोठी फुलं लांब देठाला उलटी लटकतात आणि संध्याकाळी उमलतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक वटवाघूळ. बुंध्याजवळ जाता येत असेल तर मुलांना हात धरून कडं करायला लावा आणि किती जण लागतात ते मोजा. मग घरी येऊन प्रत्येकाच्या दोन्ही हातांची लांबी मोजून बेरीज करायची. गणिताचा तास फुकटात.

कृष्णवडाची पानं बुडाशी दुमडून त्यांचा द्रोण झालेला असतो. बाळकृष्णाने लोणी चोरून त्यात लपवलं, ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. सीतेचा अशोकही बघून घ्या, कारण आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच सरळसोट "अशोक" असतो तो अशोक नव्हेच. खऱ्या अशोकाचे नारिंगी-लाल गुच्छ फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या फांद्यांना लगडतात. आणि मोठाले पर्जन्यवृक्ष तर सगळीकडेच आहेत. मघाशी म्हटलं झाडं कुठे जात नाहीत, पण हे झाड झोपतं मात्र. ऊन उतरलं किंवा आभाळ भरून आलं की पानं मिटतात.

टोपी घालाच, आणि ती उन्हासाठीच नव्हे. उंच झाडांवर रातबगळ्यांची वस्ती असते. राखाडी अंग, काळी पाठ, लालभडक डोळे. दिवसभर पेंगतात आणि खाली कोण चाललंय याची फिकीर करत नाहीत. जमिनीवर पांढरा सडा दिसला की तिथे डबा उघडायला किंवा समूह-फोटोला थांबू नका. वटवाघळंही दिवसाढवळ्या फांद्यांना टांगलेली दिसतील. उन्हात ती पंखांनी वारा घेत असतात, पाच मिनिटं मान वर करून बघितलं तर दिसतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. आत खाण्याची सोय आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथेही रांग. बाहेरचं खाणं आत उघडता येणार नाही, असं धरूनच चला. पोटभर नाश्ता करून या आणि दुपारचं जेवण बाहेर पडल्यावर करा. पाणी भरपूर आणा, धुऊन वापरता येणाऱ्या बाटलीत. सामान कापडी पिशवीत. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. हरणाच्या पोटात ती पिशवी गेली तर काय होतं, ते मुलांना एकदा समजावून सांगा, मग तीच तुमच्यावर लक्ष ठेवतात. प्राण्यांना काहीही खाऊ घालायचं नाही, हे आजी-आजोबांना आधी सांगा. मुलं ऐकतात. आजोबांच्या खिशातून शेंगदाणे निघतात.

गुडघे दुखणाऱ्यांनी सगळी बाग फिरायचा अट्टहास करू नये. रस्ते बहुतेक सपाट आहेत, बसायला बाकं आहेत. पेंग्विन बघून झाले की त्यांनी सावलीतलं एखादं बाक धरावं आणि तेच ठिकाण सगळ्यांची भेटायची जागा ठरवावी. गर्दीत फोनवर "कुठे आहेस, मी झाडाखाली आहे" हे संवाद निरर्थक असतात, इथे झाडांना तोटा नाही. घड्याळाचा मनोरा सांगा, तो चुकत नाही. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६५ साली उभारला. लहान मुलांच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, सहलीत आम्ही ती छातीला टाचायचो.

साडेबारा-एकला बाहेर पडा, जेवा आणि मग त्याच आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात या. त्याचं तिकीट वेगळं, आणि तेही बुधवारीच बंद. प्राणिसंग्रहालयातून एकदा बाहेर आलात की त्याच तिकिटावर परत आत सोडतील असं गृहीत धरू नका, म्हणून तिथलं सगळं उरकूनच निघा. भर दुपारचे दोन तास इथे मजेत जातात.

हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय, १८७२ च्या मे महिन्यात उघडलेलं, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ज्यांच्या खटपटीतून ते उभं राहिलं त्या भाऊ दाजींचं नाव त्याला १९७५ मध्ये मिळालं. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. आत गेल्यावर आधी वर छताकडे आणि मग पायांखालच्या फरशीकडे बघा. रंग, सोनेरी नक्षी, ओतीव लोखंडाचे खांब, सगळं पुन्हा जिवंत केलेलं आहे आणि त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण मुलांना घेऊन थेट वरच्या मजल्यावर जा. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत: कारागीर, फेरीवाले, निरनिराळ्या जातीजमातींचे लोक, त्यांची पागोटी. होड्यांचे नमुने आहेत, जुन्या मुंबईचे नकाशे आहेत. नकाशावर आपला भाग शोधायचा खेळ लावा. अनेकांना आपलं घर समुद्रात किंवा खाडीत सापडतं.

बाहेर येताना दगडी हत्तीपाशी थांबा. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले. जवळून बघा, जोड दिसतात. मुलं ते बोटाने दाखवत राहतात, आणि ही गोष्ट ती घरी जाऊन शंभर वेळा सांगतात. म्हणजे क्रेन मोडली ती गोष्ट. पोर्तुगीज कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

याच आवारात काळा घोडाही आहे. फोर्टातल्या काळा घोडा चौकात आता जो घोडा आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वाराशिवायचा. मूळ पुतळा, त्यावर बसलेल्या ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डसकट, १९६५ मध्ये तिथून हलवून इथे आणला. स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांतून उतरवलेले इतरही गोरे साहेब संग्रहालयाच्या मागच्या बाजूला उभे आहेत, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. राज्य गेल्यावर पुतळ्यांचं काय करायचं याचं मुंबईने काढलेलं हे उत्तर मला आवडतं: फोडलेही नाहीत, पूजलेही नाहीत, बागेत आणून ठेवले.

कुठल्या महिन्यात यावं असं विचाराल, तर जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात. हवा बरी, उर्वशी आणि अशोक फुललेले, आणि त्याच सुमारास महापालिकेचं फुलं-फळं-भाज्यांचं वार्षिक प्रदर्शनही इथेच भरतं. त्याची तारीख वर्तमानपत्रात येते. प्रदर्शनाच्या दिवसांत मात्र प्राणी बघायचा बेत ठेवू नका, दोन्ही धड होत नाही. पावसाळ्यात बाग सगळ्यात हिरवी असते आणि गर्दी सगळ्यात कमी, पण रस्ते निसरडे आणि डास बेसुमार, तेव्हा पायभर कपडे घाला. मे महिन्यात गावाहून पाहुणे येतातच, त्यांना नाही कसं म्हणणार? त्यांना सकाळी लवकर न्या आणि अकराच्या आत परत आणा.

आता परतीचं. संध्याकाळी साडेपाचनंतर भायखळ्याहून ठाणे-कल्याणकडे जाणारी गाडी मुलं घेऊन पकडायचा विचारही करू नका, दारात पाय ठेवायला मिळणार नाही. एक तर चारच्या आत निघा. नाहीतर सकाळी परतीचं तिकीट काढतानाच सीएसएमटीचं काढा, भायखळ्याहून उलट्या दिशेने तीन स्टेशनं मागे जा आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकी धरून बसून या. लालबाग-परळकडे राहणाऱ्यांनी मात्र गाडीच्या भानगडीत न पडता सरळ बस धरावी आणि लालबागला उतरून चिवडा गल्लीतून अर्धा किलो चिवडा घ्यावा. घरी पोहोचेपर्यंत मुलांना भूक लागलेली असतेच.